श्वार्झनेगर जर्मन कोणाच्या आवाजात बोलतो? जर्मन डबिंग कलाकारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जर्मन शिकणारी मुलं आणि बर्लिनला आमच्याकडे राहायला येणारी पाहुणेमंडळी टीव्ही लावतात, ब्रूस विलिस फाडफाड जर्मन बोलताना दिसतो आणि प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहूनच काढली. बरीचशी एका माणसाभोवती फिरतात, कारण त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकतच नाही.

हे टोमास डानेबेर्ग कोण?

जन्म १९४२, बर्लिन. निधन सप्टेंबर २०२३. रस्त्यात दिसले असते तर फारसं कोणी वळून पाहिलं नसतं, आणि तोंड उघडलं असतं तर सगळ्यांनी पाहिलं असतं. आर्नल्ड श्वार्झनेगर, सिल्व्हेस्टर स्टॅलोन, टेरेन्स हिल, जॉन ट्राव्होल्टा, डॅन अ‍ॅक्रॉइड, निक नोल्टी, जॉन क्लीज या सगळ्यांचा जर्मन आवाज म्हणजे हे एकटे गृहस्थ. शिवाय ते डबिंगचे संवाद लिहायचे आणि दिग्दर्शनही करायचे.

यादी वाचून वाटतं, एकच आवाज सगळीकडे चिकटवला असेल. तसं नाही. त्यांचा टेरेन्स हिल हलका, खोडकर, गालात हसत बोलणारा. स्टॅलोन जड, ओठाच्या एका कोपऱ्यातून शब्द सांडणारा. श्वार्झनेगर सपाट, जणू लोखंडी दार लावल्यासारखा. आणि जॉन क्लीज म्हणजे कॉलर घट्ट झालेला, कुठल्याही क्षणी संयम सुटणारा इंग्रज. माझ्या मते क्लीज हे त्यांचं सगळ्यात अवघड काम. पण नाव झालं ते स्नायूवाल्यांमुळे.

श्वार्झनेगर मूळचा ऑस्ट्रियाचा, मातृभाषा जर्मन. मग त्याला दुसऱ्याचा आवाज कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे. श्वार्झनेगर ग्रात्स शहराजवळच्या टाल या गावचा. तिथली श्टायरमार्कची बोली बर्लिनकराच्या कानाला खेडवळ लागते, भविष्यातून आलेलं यंत्र असं बोललं तर थिएटरात हशा पिकेल, असं कारण जर्मन लोक हसत हसत सांगतात. त्यात तथ्य आहे, पण सगळंच काही नाही. डबिंग हे बर्लिन-म्युनिकच्या स्टुडिओत, ठरलेल्या तारखांत उरकायचं काम असतं. हॉलिवूडचा नट त्यासाठी दिवसचे दिवस येऊन बसत नाही. आणि एकदा प्रेक्षकांच्या कानात डानेबेर्ग बसले म्हटल्यावर खऱ्या श्वार्झनेगरचा आवाजच खोटा वाटू लागला.

गंमत अशी की याच नटाचा पहिला सिनेमा, १९७० चा ‘हर्क्युलिस इन न्यूयॉर्क’, त्यात त्याच्या इंग्रजीवरही दुसऱ्याचा आवाज चढवला होता. म्हणजे दोन्ही भाषांत उसना!

टेरेन्स हिलचंही तसंच. तो इटालियन, पण आई जर्मन, लहानपणीची काही वर्षं ड्रेस्डेनजवळच्या गावात गेलेली. जर्मन येतं, तरी पडद्यावर डानेबेर्गच. उलट उदाहरण क्रिस्टोफ वॉल्ट्झचं. व्हिएन्नाचा हा नट आपल्या इंग्रजी भूमिका जर्मनमध्ये स्वतःच डब करतो.

एका नटाला कायम एकच आवाज, असा कायदा आहे का?

कायदा नाही, पण रूढी पक्की आहे. रॉबर्ट डी नीरो म्हणजे क्रिस्टियान ब्र्युकनर, ‘टॅक्सी ड्रायव्हर’पासून. हॅरिसन फोर्ड म्हणजे वोल्फगांग पाम्पेल. ब्रूस विलिस म्हणजे मानफ्रेड लेमान. शॉन कॉनरी म्हणजे गेर्ट ग्युंटर होफमान. सामान्य जर्मन माणसाला यातली नावं माहीत नसतील, पण आवाज बदलला की त्याच संध्याकाळी तक्रार सुरू. आमच्या घरमालकीणबाईंना मी एकदा डी नीरोचा सिनेमा मूळ इंग्रजीत लावून दिला. पाच मिनिटांत त्या म्हणाल्या, ‘‘हा कोण बोलतोय? ह्याचा आवाज असा नाही.’’

रूढी मोडलेलीही आहे. पहिल्या ‘रॉकी’त स्टॅलोनचा आवाज डानेबेर्ग यांचा नव्हता, तो होता युर्गेन प्रोखनोव यांचा, जे पुढे ‘डास बोट’मध्ये पाणबुडीचे कप्तान म्हणून जगभर पोचले. ‘डाय हार्ड’च्या तिसऱ्या भागात लेमान नव्हते, विलिसही डानेबेर्ग यांच्याच आवाजात बोलला. कोणाला बोलवायचं हे शेवटी वितरक आणि स्टुडिओ ठरवतो. तारखा जमल्या नाहीत, पैशावरून बिनसलं, की तीस वर्षांचं नातं एका फोनवर संपतं. ‘अमक्याचा आवाज’ ही पदवी लोकांनी दिलेली असते, करारात तिचा उल्लेख नसतो. या पेशातली खरी असुरक्षितता इथे आहे.

मग स्टॅलोन आणि श्वार्झनेगर समोरासमोर आले तर?

आले. २०१० च्या ‘द एक्स्पेंडेबल्स’मध्ये दोघं एकाच दृश्यात उभे आहेत. अशा वेळी वाटा दोनच. एक तर एकाच माणसानं वेगवेगळ्या वेळी दोघांचं बोलायचं आणि आवाजात फरक ठेवायचा, नाहीतर एका नटाला नवा आवाज शोधायचा. जॉनी डेप आणि क्रिश्चियन बेल हे दोघंही डाव्हिड नाथान यांच्या वाट्याला आलेले आहेत, त्यामुळे हा पेच नव्या पिढीलाही सुटलेला नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं?

आधी मूळ संवादांचा कच्चा अनुवाद होतो. तो शब्दाला शब्द असतो, बोलण्याजोगा नसतो. मग संवादलेखक पडद्याकडे बघत बघत तो पुन्हा लिहितो. आपल्या व्याकरणातली ओष्ठ्य व्यंजनं आठवा: प, फ, ब, भ, म. ओठ मिटल्याशिवाय ती निघत नाहीत. पडद्यावर क्लोजअपमध्ये नटाचे ओठ मिटताना दिसले, तर जर्मन वाक्यातही तिथे तसंच एखादं अक्षर यायला हवं. त्यात जर्मन वाक्याचं क्रियापद पुष्कळदा शेवटी जाऊन बसतं, त्यामुळे इंग्रजीत जो धक्का दुसऱ्याच शब्दाला बसतो तो जर्मनमध्ये वाक्य संपताना. आपल्यालाही ही अडचण ओळखीची आहे. मराठी क्रियापदही शेवटीच येतं.

सगळा सिनेमा काही सेकंदांच्या तुकड्यांत कापतात. त्या तुकड्याला ‘टेक’ म्हणतात. पूर्वी फिल्मचा तुकडा दोन्ही टोकांना जोडून त्याचं वेटोळं करत आणि तेच दृश्य पुन्हा पुन्हा फिरवत. आता सगळं संगणकावर. कलाकार अंधाऱ्या खोलीत उंच मेजाशी उभा राहतो, समोर संवादाचा कागद आणि पडदा. मूळ आवाज एकदा ऐकायचा, नटाचा श्वास कुठे तुटतो ते पकडायचं, आणि बोलायचं. काचेपलीकडे डबिंग दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक आणि ओठ जुळतात की नाही यावर डोळा ठेवणारा संकलक.

डानेबेर्ग यांच्या उमेदीच्या काळात दोन-तीन कलाकार एकाच माइकसमोर उभे राहून खरोखर एकमेकांशी बोलायचे. आता बहुतेक जण एकेकटे येतात आणि आपल्या वाटच्या ओळी बोलून जातात. त्याला जर्मन स्टुडिओत ‘इक्सन’ म्हणतात. प्रेमाचा प्रसंग मंगळवारी तिनं केला, गुरुवारी त्यानं. मोठ्या सिनेमांत तर चोरीच्या भीतीनं चित्रच काळं करून पाठवतात, फक्त बोलणाऱ्याचं तोंड तेवढं दिसतं. नट कड्यावर उभा आहे की स्वयंपाकघरात, हे दिग्दर्शक सांगेल तेवढंच कळतं. आणि तरीही तो आवाज पडद्यावर त्या कड्यावरून आल्यासारखा वाटावा लागतो. म्हणून या लोकांना नुसतं ‘श्प्रेशर’, म्हणजे बोलणारा, म्हटलेलं आवडत नाही. ‘शाउश्पीलर’ म्हणा, अभिनेता म्हणा, असा त्यांचा आग्रह असतो. मला तो योग्य वाटतो.

इंग्रजीतल्या ‘यू’चं काय करतात?

मराठी माणसालाच सुचेल असा प्रश्न! जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. इंग्रजी सिनेमात दोघं पहिल्या भेटीपासून लग्नापर्यंत ‘यू’वरच राहतात. जर्मन संवादलेखकाला मात्र ठरवावं लागतं की अहोजाहो नक्की कोणत्या वाक्याला संपलं. पहिल्या चुंबनानंतर ‘तू’ हा जुना तोडगा. ‘द एक्स फाइल्स’मधले मल्डर आणि स्कली जर्मनमध्ये वर्षानुवर्षं एकमेकांना ‘झी’ म्हणत राहिले. मला तर त्यांच्यातलं ते अवघडलेपण मूळ इंग्रजीपेक्षा जर्मनमध्येच जास्त जाणवतं.

संवाद बदलायची मुभा किती?

एके काळी प्रचंड होती. ‘कॅसाब्लांका’ १९५२ साली पश्चिम जर्मनीत लागला तो सुमारे २५ मिनिटं कापून. नाझी पार गायब, आणि प्रतिकार चळवळीचा नेता व्हिक्टर लाझ्लो हा लार्सन नावाचा नॉर्वेजियन अणुशास्त्रज्ञ झाला होता. युद्ध संपून सात वर्षं झाली होती, थिएटरात बसलेल्यांना आरसा नको होता. पूर्ण सिनेमा नव्या डबिंगसह जर्मन प्रेक्षकांना मिळाला १९७५ मध्ये. हिचकॉकच्या ‘नटोरियस’मधले युरेनियमवाले नाझी तर अमली पदार्थांचे तस्कर झाले आणि सिनेमाचं जर्मन नाव ठेवलं ‘पांढरं विष’. नंतर ‘डाय हार्ड’मध्येही हान्स ग्रुबरचा जॅक ग्रुबर केला, जर्मन खलनायक जर्मन राहू नये म्हणून.

दुसरी तऱ्हा संवादलेखक रायनर ब्रांट यांची. ‘द पर्स्युएडर्स’ ही ब्रिटिश मालिका जर्मनीत १९७२ पासून ‘डी त्स्वाय’ नावानं लागली, तेव्हा त्यांनी मूळ संवाद जवळजवळ बाजूला ठेवले आणि टोनी कर्टिसच्या तोंडी बर्लिनच्या नाक्यावरची टवाळखोर भाषा घातली. कर्टिसचा आवाजही त्यांचाच. नटाची पाठ कॅमेऱ्याकडे असली की तेवढ्यात आणखी एक विनोद. या भाषेला ‘श्नॉडरडॉइच’ असं नावच पडलं आणि मालिका जर्मनीत तुफान चालली. बड स्पेन्सर-टेरेन्स हिलच्या सिनेमांनाही हीच फोडणी बसली. मूळ कलाकृतीशी प्रतारणा म्हणावी का? म्हणावी. पण हसू येतंच. आता असं करायला मिळत नाही, अमेरिकेतून मंजुरी लागते.

जर्मनीत डबिंगचं एवढं प्रस्थ का?

बाजारपेठ मोठी, भाषा एक, हे पहिलं कारण. दुसरं, १९४५ नंतर जर्मनीचा ताबा असलेल्या दोस्त राष्ट्रांना आपले सिनेमे जर्मन लोकांपर्यंत झटपट पोचवायचे होते. बर्लिनर सिंक्रोन हा गाजलेला स्टुडिओ वेन्त्सेल ल्युडेके यांनी १९४९ मध्ये काढला. पूर्व जर्मनीत डेफा या सरकारी संस्थेचा स्वतःचा डबिंग स्टुडिओ होता, त्यामुळे काही सिनेमांच्या दोन वेगवेगळ्या जर्मन आवृत्त्या सापडतात.

यासाठी कोणता कोर्स करावा लागतो?

ठरलेली पदवी नाही. बहुतेक जण नाट्यशाळेतून, रंगभूमीवरून येतात. काही लहानपणीच आई-बापाचं बोट धरून स्टुडिओत शिरतात. सुरुवात गर्दीच्या आवाजांपासून होते: बाजारातला कोलाहल, कोर्टातली कुजबुज, ‘‘गाडी तयार आहे साहेब’’ एवढी एकच ओळ. कार्यशाळा पुष्कळ निघाल्या आहेत. फी भरण्याआधी शिकवणारा स्वतः काय काम करतो ते बघा. कोणी कोणाला आवाज दिला याची जर्मन सिंक्रोनकार्टाय ही सूची इंटरनेटवर आहे, तिच्यात दोन मिनिटांत कळतं.

आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, मग जमेल का?

नुसत्या चांगल्या आवाजावर नाही.

पैसे किती मिळतात?

हिशेब दोन भागांत असतो. स्टुडिओत आल्याबद्दल एक ठरावीक रक्कम, तिला ‘कोमगेल्ट’ म्हणजे ‘येण्याचे पैसे’ म्हणतात, आणि वर प्रत्येक टेकमागे मोजके युरो. म्हणजे सिनेमानं जगभर कितीही गल्ला जमवला तरी नायकाच्या आवाजाला मिळतात ते टेक मोजून. गप्प राहून नुसता रोखून बघणारा नायक या हिशेबात तोट्याचा.

यावरून एक खटला गाजला. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या पहिल्या तीन भागांत जॅक स्पॅरोचा जर्मन आवाज मार्कुस ऑफ यांचा होता. सिनेमांनी केलेल्या कमाईच्या मानानं आपल्याला फारच कमी मिळालं, म्हणून त्यांनी वाढीव मोबदला मागितला. २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं स्पष्ट केलं की मुख्य पात्राचा आवाज ही किरकोळ भर नव्हे, डबिंग कलाकारालाही असा दावा करता येतो. पुढे २०१६ मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं त्यांना वाढीव रक्कम मंजूर केली. दरम्यान २०११ मध्ये चौथा भाग आला तेव्हा स्पॅरोचा आवाज बदललेला होता, नाथान यांचा. जिंकले खरे, पण भूमिका हातची गेली.

लोक त्यांना ओळखतात का?

चेहऱ्यानं क्वचित. लेमान यांचा आवाज प्राक्टिकर या घरदुरुस्तीच्या दुकानसाखळीच्या जाहिरातीत होता: ‘सगळ्यावर २० टक्के सूट, प्राण्यांचं खाणं सोडून.’ कित्येक जर्मनांच्या डोक्यात ब्रूस विलिस आणि कुत्र्याचं खाणं असं कायमचं एकत्र बसलं आहे. ब्र्युकनर यांनी ऑडिओबुकची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, पार्लांडो. नाथान ऑडिओबुकच्या श्रोत्यांत तितकेच लाडके आहेत.

आणि एक अपवाद, जो आपल्याकडे कल्पनेतही येत नाही. ‘डी द्राय फ्रागेत्सायशेन’ ही तीन पोरसवदा गुप्तहेरांची ध्वनिनाट्यमालिका १९७९ पासून चालू आहे आणि तिघांचे आवाजही तेव्हापासून तेच. त्यातले ओलिव्हर रोरबेक हे बेन स्टिलरचा आवाज, आन्द्रेआस फ्र्योलिश हे एडवर्ड नॉर्टनचा आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गोलमचा. २०१४ मध्ये बर्लिनच्या वाल्डब्युने या खुल्या नाट्यगृहात त्यांचा प्रयोग ऐकायला सुमारे २०,००० माणसं जमली होती. नभोनाट्याला! आकाशवाणीवर श्रुतिका ऐकत वाढलेल्या माझ्या बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

कलाकार थांबला किंवा गेला तर?

दुसरा येतो, आणि काही वर्षं शिव्या खातो. होमर सिम्प्सनचे नोर्बेर्ट गास्टेल २०१५ मध्ये गेले, त्यांच्या जागी क्रिस्टोफ याब्लोन्का आले. टॉम हँक्सचे आर्ने एल्सहोल्ट्स २०१६ मध्ये गेले, हँक्स योआखिम टेनश्टेट यांच्याकडे आला. डानेबेर्ग प्रकृतीमुळे आधीच थांबले होते. २०१९ च्या ‘टर्मिनेटर’मध्ये श्वार्झनेगर बेर्न्ट एगर यांच्या आवाजात बोलला. आणि त्याच वर्षीच्या ‘रॅम्बो’साठी स्टॅलोनला आवाज दिला तो, ‘रॉकी’नंतर इतक्या वर्षांनी, पुन्हा प्रोखनोव यांनी.

हिंदी सिनेमेही जर्मनमध्ये डब होतात?

झाले, आणि चांगले गाजले. २००४ मध्ये आरटीएल २ या वाहिनीवर ‘कभी खुशी कभी गम’ लागला आणि तिथून जर्मनीत शाहरुखची लाट आली. त्याचा ठरलेला जर्मन आवाज पास्काल ब्रॉयर यांचा. गाणी हिंदीतच ठेवायचे, खाली जर्मन शब्द. त्यामुळे संवाद संपून गाणं लागलं की नायकाची भाषा बदलायची, पण त्याचं कोणाला काही वाटत नसे. तसाही गाताना त्याचा आवाज आपल्याकडेही बदलतोच की!

आपल्याकडे ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरांचा आणि ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेचा आवाज होता. त्यांची नावं झाली, कारण ते मुळात पडद्यावरचे चेहरे. जर्मनीत उलट, चेहरा नसतानाही नाव होऊ शकतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे सगळं संपणार का?

भीती खरी आहे आणि कोर्टात पोचलेली आहे. एका यूट्यूब चॅनलनं लेमान यांच्या आवाजाची यंत्रानं केलेली नक्कल आपल्या व्हिडिओंत वापरली. ऑगस्ट २०२५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं सांगितलं की आवाज हाही व्यक्तीचा हक्क आहे, तो असा उचलता येणार नाही, आणि ४,००० युरो भरायला लावले. रक्कम किरकोळ आहे. पण ‘ब्रूस विलिससारखा वाटतो’ असं लोक ज्याला म्हणत होते, तो आवाज लेमान यांचा आहे हे कोर्टानं कागदावर लिहून दिलं.

जर्मन शिकायला डब केलेले सिनेमे बरे का?

उत्तम. उच्चार स्वच्छ, बोली जवळजवळ नाही, पार्श्वभूमीचा गोंगाट कमी. फक्त जर्मन सबटायटल लावून ऐकू नका. सबटायटल आणि डबिंग वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेलं असतं, शब्द जुळत नाहीत आणि आपलंच ऐकायला चुकलं असं वाटत राहतं. ज्याची गोष्ट तोंडपाठ आहे असा सिनेमा घ्या. मी ‘टर्मिनेटर’ घेतला होता. नायक बोलतो कमी आणि सावकाश.

आणि मूळ भाषेतच पाहायचा असेल तर?

तिकिटावर ‘ओव्ही’ लिहिलेलं बघा, म्हणजे मूळ आवृत्ती. ‘ओएमयू’ असेल तर मूळ आवाज आणि खाली जर्मन सबटायटल. काहीच लिहिलेलं नसेल तर सिनेमा जर्मनमध्ये आहे, तिथे तक्रार करून उपयोग नाही.